सुलिसदेवीच्या गावी

इंग्लंडला जाऊन आलेल्या माणसाने परत आल्यावर लंडनबद्दल लिहावे, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. टेम्स नदीवरचे पूल, राजवाड्यासमोरचे पहारेकरी, जमिनीखालून धावणाऱ्या गाड्या, आणि शेवटी तिथल्या शिस्तीबद्दल एक सुस्कारा, एवढे जमले की लेख झाला. मी हा नियम मोडणार आहे, आणि त्यात माझा मोठेपणा काही नाही. गेल्या मे महिन्यात मी पंधरा दिवस इंग्लंडात होते. त्यांपैकी अकरा दिवस मी बाथ नावाच्या गावी काढले, कारण तिथे राहण्याजेवण्याची सोय फुकट होती. माझा भाचा मिहिर तिथे शिकायला आहे.

जाण्यापूर्वी आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये गावाचे नाव सांगितले, तर इतिहासाच्या बाई सोडून सगळे हसले. "बाथ? म्हणजे न्हाणीघर?" मी हो म्हटले. गावाचे नाव खरोखरच न्हाणीघरावरून पडलेले आहे. आपल्याकडे वज्रेश्वरी आहे, उन्हवरे आहे, राजापूरजवळचे उन्हाळे आहे. तसेच हे एक. फरक एवढाच, की आपण कुंडाभोवती फरशी घालून थांबलो आणि त्या लोकांनी कुंडाभोवती अख्खे शहर उभे केले.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनावरून आगगाडीने निघाले की दीड तासाच्या आत बाथ येते. येण्याच्या थोडे आधी गाडी एका लांबलचक बोगद्यात शिरते. ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरने १८४१ साली पुरा केलेला हा बॉक्स बोगदा जवळजवळ तीन किलोमीटरचा आहे. खंडाळ्याच्या बोगद्यांची सवय असलेल्या माणसाला त्याचे काय कौतुक, असे म्हणत मी बसले होते. पण बोगदा संपून थोड्याच वेळात शहर दिसले आणि मी उठून उभी राहिले. सगळे गाव एका रंगाचे! चर्च, दुकाने, घरे, पूल, सारे गुळाच्या ढेपेच्या रंगाचे. तिथल्याच टेकड्यांतून निघणारा तो चुनखडीचा दगड आहे. ऊन पडले की पिवळ्या गुळासारखा दिसतो, आणि पाऊस आला की पाकात बुडाल्यासारखा. १९८७ साली या शहराची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली, त्याचे मला नवल वाटले नाही.

मिहिर स्टेशनवर आला होता. माझ्या हातातली बॅग घेताना त्याने ती दादासारखीच, आधी एकदा तोलून पाहून, मग खांद्यावर टाकली. बॅगेत वहिनीने दिलेले बेसनाचे लाडू, मेतकूट आणि दोन किलो भाजणी होती. "आत्या, दगड आणलेस का पुण्याहून?" तो म्हणाला, आणि वाक्य संपायच्या आत त्याने लाडवांचा डबा नेमका शोधून काढला.

दादा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. त्या महिन्यात पुष्कळ घरांतली पुष्कळ माणसे गेली, त्यांतलाच तोही. त्याबद्दल इथे लिहिणार नाही. पण बाथला जायला मी इतक्या उत्साहाने तयार झाले, त्यामागे लाडू पोहोचवण्याखेरीज आणखी एक कारण होते, आणि ते दादाशी निगडित होते. दादाचा आवडता बँड याच गावातला.

हे १९८६ सालचे आहे. दादा पंधरा वर्षांचा होता आणि मी आठ. बँड म्हणजे लग्नाच्या वरातीपुढचा, एवढेच माझे ज्ञान. काकांनी मस्कतहून आणलेला टेपरेकॉर्डर आमच्या वाड्यातल्या माडीवर होता, आणि कॅम्पातल्या एका दुकानातून दादाने नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली होती. एका बाजूला 'द हर्टिंग', दुसऱ्या बाजूला 'साँग्ज फ्रॉम द बिग चेअर'. बँडचे नाव टिअर्स फॉर फिअर्स. पैसे साठवायला त्याला तीन महिने लागले. मधल्या सुट्टीत तो वडा खात नसे. ती कॅसेट त्याने इतकी वाजवली, की फीत अडकायची, बाहेर यायची, आणि मग पेन्सिल घालून ती गुंडाळायचे काम माझ्याकडे. इंग्रजी शब्द मला कळत नव्हते आणि दादालाही फारसे कळत असावेत असे नाही. पण 'मॅड वर्ल्ड' हे गाणे लागले, की तो खोलीत येरझाऱ्या घालू लागे. खालून आजी ओरडे, "अरे, माडी पडेल!"

पुढे मला हे कळले, की रोलंड ऑर्झाबल आणि कर्ट स्मिथ, दोघांचाही जन्म १९६१ चा. बाथमध्ये पोरवयात त्यांची गाठ पडली. ते गाणे ऑर्झाबलने लिहिले तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावर होता आणि बाथमधल्या एका पिझ्झाच्या दुकानावरच्या जागेत राहत होता. खिडकीतून कामावर जाणारी-येणारी माणसे दिसत, ती पाहून त्याला गाणे सुचले. गायले मात्र स्मिथने. १९८२ साली ते इंग्लंडच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. आर्थर जानोव नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकांचा दोघांवर पगडा होता. बालपणी गिळलेले दुःख माणसाने मोठेपणी मोकळेपणाने रडून बाहेर काढावे, असे त्याचे सांगणे. बँडचे नावही त्याच्याच लेखनातून आले: भीतीवर उतारा म्हणून अश्रू.

पहिल्याच संध्याकाळी मी मिहिरला म्हटले, "मला पिझ्झा खायचा आहे." तो चकित झाला, त्याची आत्या भाकरीवाली. दुकानावरच्या मजल्याची खिडकी बघत मी निमूटपणे पिझ्झा खाल्ला. ती हीच खिडकी की दुसरी, हे कुणाला विचारावेसे मला वाटले नाही. पंढरपुरात कुठल्या विटेवर, असे आपण विचारत नाही.

मग आम्ही रॉयल क्रेसेंटपुढच्या हिरवळीवर जाऊन बसलो. १७६७ ते १७७४ या काळात धाकट्या जॉन वुडने बांधलेली ही तीस घरांची चंद्रकोर. तीस घरे, पण दर्शनी भिंत एकच, आणि ती अर्धवर्तुळात वळलेली. मे महिन्यात तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. त्या लांबलेल्या उन्हात मला दादाची आठवण झाली आणि मी ते गाणे गुणगुणू लागले. मला वाटले, आता याला सगळे सविस्तर सांगावे.

मिहिर एकदम म्हणाला, "आत्या! हे तर गेमच्या जाहिरातीतलं गाणं!"

मला कुणीतरी देवघरातल्या समईवर विडी पेटवल्यासारखे वाटले. तो आणखी काही सांगू पाहत होता. पण वीस वर्षे शिकवण्याचा धंदा केलेल्या माणसाला समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देण्याची सवय राहत नाही. मी त्याला पाऊण तास गाण्याचा इतिहास ऐकवला. त्याने तो ऐकून घेतला, आणि मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "एक मिनिटाची आहे. बघ तरी."

ती जाहिरात २००६ सालची. 'गिअर्स ऑफ वॉर' नावाचा एक व्हिडिओ गेम त्या वर्षी नोव्हेंबरात बाजारात आला, त्याची. नावावरून मी ढोलताशे आणि आरडाओरडा अपेक्षिला होता. तसे काही नव्हते. चिलखत घातलेला एक धिप्पाड सैनिक एका उद्ध्वस्त शहरातून एकटाच चालला आहे. मोठमोठे खांब, कमानी, कधीकाळी फार सुंदर असलेल्या इमारती, सगळे ढासळलेले. मग तो धावू लागतो, एका पडक्या इमारतीच्या अंधारात शिरतो, आणि तिथे त्याच्यापुढे कोळ्यासारखे एक अजस्र जनावर उभे राहते. एवढेच. आणि या सगळ्यावर कुणीतरी अगदी हळू, पियानोच्या साथीने, दादाचे गाणे म्हणत होते.

पहिल्या क्षणी मला ओळखूच येईना. मूळ गाण्याची लय चटपटीत. यंत्राचा ठेका टकटक चाललेला असतो आणि दुःख त्याच्या आड लपलेले असते. इथे ठेका काढून टाकलेला. वारीत टाळांच्या गजरात धावत म्हटलेला अभंग कुणीतरी पहाटे एकट्यासाठी म्हणावा, तसे काहीतरी झाले होते. हे रूप मायकेल अँड्र्यूज या संगीतकाराने २००१ सालच्या 'डॉनी डार्को' या चित्रपटासाठी तयार केले आणि गॅरी ज्यूल्सने गायले. २००३ च्या नाताळात इंग्लंडात तेच पहिल्या क्रमांकावर होते. म्हणजे मूळ गाण्याला जे साधले नाही ते या नातवाने साधले. तिथून ते जाहिरातीत गेले. ही जाहिरात करणारा जोसेफ कोसिन्स्की पुढे 'टॉप गन: मॅव्हरिक' या २०२२ च्या चित्रपटाचा दिग्दर्शक झाला, हे मिहिरने मोठ्या अभिमानाने सांगितले.

"अजून एक आहे," तो म्हणाला. २०१४ सालच्या 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या गेमच्या जाहिरातीतही याच बँडचे गाणे निघाले: १९८५ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले 'एव्हरीबडी वॉन्ट्स टु रूल द वर्ल्ड'. तेही असेच संथ आणि गंभीर केलेले, न्यूझीलंडच्या लॉर्ड या गायिकेने २०१३ मध्ये एका चित्रपटासाठी म्हटलेले. कॅसेटच्या दोन्ही बाजू झाल्या, असे माझ्या मनात आले.

"पण गेमच का?" मी विचारले.

मिहिरने खांदे उडवले. "गोळ्या तर सगळ्याच जाहिरातींत असतात, आत्या. ही पाहिली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की त्या सैनिकाला भीती वाटतेय."

भीती आणि अश्रू! बँडच्या नावाचा अर्थ पोराने न सांगता सांगितला होता. पण कबूल करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. सुंदर शहर पडलेले दाखवून माल विकायचा, हे काही मला पटेना. तसे मी म्हणताच तो म्हणाला, "हेही शहर पडलं होतं." १९४२ च्या एप्रिलमध्ये जर्मन विमानांनी लागोपाठ दोन रात्री बाथवर बाँब टाकले. चारशेहून अधिक माणसे मेली. जिथे जेन ऑस्टिनच्या काळात नाचगाणी चालत, ती असेंब्ली रूम्स जळून गेली. आज सगळे इतके नीट डागडुजी केलेले आहे की ओरखडा दिसत नाही. मी चंद्रकोरीकडे पुन्हा एकदा पाहिले. ऊन उतरले होते आणि गुळाचा रंग राखेसारखा झाला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राग मिहिरवर नव्हता, कुणा कंपनीवरही नव्हता. ज्या गाण्यासाठी माझ्या भावाने तीन महिने वडा खाल्ला नाही, ते त्याच्या मुलापर्यंत पोहोचले ते बंदुकीच्या जाहिरातीतून, हे मला सोसवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही रोमन स्नानगृह पाहायला गेलो. रस्त्याच्या पातळीखाली उतरून गेल्यावर मोठा हिरवा तलाव दिसतो, त्यावर वाफ तरंगते. इथला झरा रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी वर टाकतो, ४६ अंश तापलेले. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक आले तेव्हा इथे सुलिस नावाची स्थानिक देवी होतीच. त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडून टाकले आणि मोठे देऊळ बांधले. आपल्याकडे गावदेवीला पुढे पुराणातल्या देवीचे नाव मिळते, त्यातलाच प्रकार. १७२७ साली गटारासाठी खणताना तिचे सोनेरी मुलाम्याचे कांस्याचे शिर सापडले, ते तिथे ठेवलेले आहे. चेहरा शांत, थोडा अलिप्त; गाऱ्हाणी ऐकून ऐकून झालेला.

गाऱ्हाणी हा शब्द मी उगाच वापरत नाही. या झऱ्यात शिशाचे पातळ पत्रे सापडले आहेत, सुमारे १३०. त्यांवर लॅटिनमध्ये तक्रारी कोरून, गुंडाळी करून, लोक ते पाण्यात टाकत. तक्रारी बहुतेक चोरीच्या. न्हायला उतरलेल्या माणसाचे कपडे जात, अंगरखा जाई, पैसे जात. दोसिमेडीस नावाच्या एका गृहस्थाचे दोन हातमोजे गेले होते; तर चोराची बुद्धी आणि डोळे जावेत, असे त्याने देवीला सांगितले आहे. दोन हातमोज्यांसाठी दोन डोळे! मला माझ्या आजोळचे देऊळ आठवले. तिथला गुरव देवापुढे गाऱ्हाणे घालतो आणि भोवतालची माणसे प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. कोकणातला माणूस इथे आला असता तर त्याला दुभाष्या लागला नसता.

मला गंमत सुचली. कठड्याशी उभी राहून मी हात जोडले आणि मिहिरला ऐकू जाईल असे म्हटले, "बा सुलिसदेवी महाराजा! या तुझ्याच गावातलं माझ्या भावाचं गाणं कुणीतरी पळवून नेलं आहे. स्त्री असो वा पुरुष असो, ज्याने नेलं असेल त्याला..."

आणि मी थांबले. 'स्त्री असो वा पुरुष असो' हे शब्द मी पत्र्यांवरच्या मजकुराच्या भाषांतरात नुकतेच वाचले होते. नाव ठाऊक नसलेला चोर सुटू नये म्हणून लोक तसे लिहीत. माझ्या चोराचे नाव मला ठाऊक होते.

२००९ साली आमचा वाडा पाडून तिथे इमारत झाली. सामान आवरायचे काम माझ्याकडे होते. तीन पोती रद्दी, भांडी, मोडक्या छत्र्या, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दादाच्या बाराएक कॅसेटी. मी तो डबा भंगारवाल्याला दिला. संध्याकाळी दादा ऑफिसातून परस्पर तिकडे आला आणि त्याने विचारले, "माडीवर एक डबा होता ना गं?" मी म्हटले, "दिला मी. वाजवायला टेपरेकॉर्डर कुठे राहिलाय आता?" तो म्हणाला, "हो, तेही खरंच." मग आम्ही चहा प्यालो. मला वाटले, विषय संपला.

मिहिर कठड्यावर रेलून पाण्याकडे पाहत होता. "काल मी सांगत होतो ते राहूनच गेलं," तो म्हणाला. या वेळी मी त्याचे वाक्य पुरे होऊ दिले.

"मी सहावीत असेन. ती जाहिरात तेव्हाच जुनी झाली होती; एका मित्राने दाखवली. मी घरी कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा लावत होतो. बाबा ऑफिसातून आले, दारात बूट काढत होते. एक बूट पायात, एक हातात, आणि तसेच उभे राहिले. गाणं संपेपर्यंत. मग आत येऊन म्हणाले, 'हे कुणी इतकं हळू केलं?' मला वाटलं, रागावले. तर म्हणाले, 'पुन्हा लाव.' मग त्यांनी जुनं गाणं शोधायला लावलं, आणि ते सुरू झाल्यावर, आत्या, बाबा खोलीत फेऱ्या मारायला लागले! आई स्वयंपाकघरातून बघतच राहिली. त्यानंतर परीक्षा संपली की आम्ही दोघं दोन्ही गाणी ऐकायचो. आधी त्यांचं, मग माझं. हा बँड इथला, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. ते मला कालच कळलं."

मी विचारले, "कॅसेटबद्दल काही म्हणाला होता?"

"हो. म्हणाले, माझ्याकडे कॅसेट होती याची. मी विचारलं, कुठाय? तर म्हणाले, घर बदलताना हरवली. हरवतात वस्तू."

हरवली. टाकली नव्हे, दिली नव्हे, आत्याने तर नव्हेच. हरवली.

पाण्यातून बुडबुडे वर येत होते. तळाशी कुठेतरी झरा चालू असतो, त्याचे ते चिन्ह. शेजारी एक जपानी कुटुंब फोटो काढत होते. त्यांना जागा द्यायला आम्ही सरकलो. बाहेर पडायच्या वाटेवर एक नळ आहे, तिथे या झऱ्याचे पाणी प्यायला मिळते. कोमट, किंचित लोखंडाच्या चवीचे. मिहिरने तोंड वाकडे केले. मी पेलाभर प्याले. गाऱ्हाणे मागे घ्यायचे, तर काहीतरी तीर्थ घ्यावे लागतेच.

नंतरच्या दिवसांत मी बाथमध्ये पुष्कळ पाहिले: दोन्ही बाजूंना दुकाने असलेला १७७४ सालचा पुल्टनी पूल, त्याखालचा ॲव्हन नदीचा पायऱ्यापायऱ्यांचा बांध, जेन ऑस्टिन १८०१ ते १८०६ या काळात ज्या गल्ल्यांतून हिंडली त्या गल्ल्या. त्यांची वर्णने पुस्तकांतून मिळतील. शेवटच्या संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या हिरवळीवर बसलो आणि फोनवर दोन्ही गाणी ऐकली. आधी दादाचे, मग मिहिरचे. मिहिरचे वाजताना मी डोळे मिटले. पण जाहिरातीतला सैनिक दिसला नाही. दिसला तो एक बूट पायात आणि एक हातात घेऊन दारात उभा असलेला माणूस.

पाठचा-पुढचा भाऊ नसला, की भाऊबीजेला बाईने चंद्राला ओवाळावे, अशी आपल्याकडे रीत आहे. गेली काही वर्षे मी गच्चीवर जाऊन ओवाळते. यंदाही ओवाळीन. ओवाळणीची वाट मात्र पाहणार नाही. ती मला मिळाली आहे. जरा उशिरा, आणि फार लांबच्या गावी.